अडगळीतला संगणक



२०२५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट आहे. भूम तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असणारे माझे एक शिक्षक मित्र कळंबला माझ्या घरी आले. येताना त्यांनी भूमचा खवा आणला होता, तेव्हाच मी ओळखले की काम काहीतरी मोठे आहे. चहा झाला, पीकपाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग ते म्हणाले, "सर, शाळेत नऊ संगणक आहेत. दहा-अकरा वर्षं झाली त्यांना. आता सगळे म्हणतात, त्यांचं काम संपलं. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे. नवे कधी येतील ते देवाला माहीत. पोरांना संगणक दाखवायचा तर कुठं दाखवू?"

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत, ग्रंथालयांत आणि घरांत एखादा संगणक असा कापड टाकून कोपऱ्यात ठेवलेला असतो. म्हणून त्या दिवशी मी त्यांना जे सांगितले, आणि ते सांगण्याआधी मी स्वतः ज्या ठेचा खाल्ल्या, ते आज आपल्यापुढे मांडतो. मी यंत्रशास्त्राचा पंडित नाही. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण बारा-तेरा वर्षांपासून जुने संगणक दुरुस्त करून वापरण्याचा नाद लागला आहे, आणि नाद म्हटला की माणूस थोडे गमावतो आणि पुष्कळ शिकतो.

प्रथम 'काम संपले' म्हणजे काय झाले ते पाहू. संगणक नुसता विजेवर चालत नाही. त्याच्या आत एक कारभारी लागतो. कळफलकावर कोणते अक्षर दाबले, पडद्यावर काय उमटवावयाचे, कोणता कागद कोठे ठेवला, हे सारे तो पाहतो. त्याला कार्यप्रणाली म्हणतात. आपल्याकडील बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली असते. तिच्या दहाव्या आवृत्तीची नियमित निगा कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. तिची अकरावी आवृत्ती बसवावयाची तर यंत्रात सुरक्षिततेचे काही नवे भाग असावे लागतात, आणि जुन्या यंत्रांत ते बहुधा नसतात. म्हणजे यंत्र धडधाकट आहे, पण जुन्या कारभाऱ्याची निगा थांबली आणि नवा कारभारी त्या वाड्यात राहावयास तयार नाही, अशी ही अडचण आहे. वाडा पाडण्याआधी दुसरा कारभारी मिळतो का, हे पाहणे शहाणपणाचे.

असा दुसरा कारभारी आहे. त्याचे नाव लिनक्स.

याची कथा ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थांनी १९८३ साली जाहीर केले की, ज्याची घडण कोणालाही पाहता येईल, बदलता येईल आणि शेजाऱ्याला देता येईल अशी कार्यप्रणाली आपण तयार करू. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे पुष्कळ भाग घडविले, पण गाभा राहिला होता. १९९१ साली फिनलंड देशात हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्डस नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने असा गाभा लिहावयास घेतला आणि लोकांना कळविले की, मी हे केवळ छंद म्हणून करतो आहे, फार मोठे काही होणार नाही. पुढच्याच वर्षी त्याने तो गाभा स्टॉलमन यांच्या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुला केला. मग जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आपल्याकडे जात्यावरची ओवी एका बाईने म्हटली, दुसरीने तिला एक ओळ जोडली, तिसरीने माहेरी नेली, आणि अखेर ती सगळ्यांचीच झाली. लिनक्सचेही काहीसे तसेच झाले आहे.

त्या 'छंदा'चे पुढे काय झाले? जगातल्या पाचशे सर्वांत बलाढ्य संगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे. परम हा महासंगणक ज्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये घडविला, तिनेच २००७ मध्ये 'बॉस' नावाची लिनक्सची भारतीय आवृत्ती काढली. केरळातील सरकारी शाळांतून मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. मुंबईच्या आय. आय. टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या नावाने जे छोटे बोलके धडे तयार केले आहेत, त्यांत लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकावयास मिळतात. तेव्हा ही काही आडवाट नव्हे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. मी घरच्या संगणकावर लिनक्स बसविले तेव्हा पहिली तक्रार आली ती चिरंजीवांची. तो तेव्हा नववीत होता. त्याला संगणकावरचे खेळ हवेत आणि ते खेळ तर दुसऱ्या कार्यप्रणालीसाठी लिहिलेले. आम्ही दोघे रात्री जेवणानंतर खटपट करू लागलो. यासाठी एक प्रकारचा दुभाषी मिळतो. कन्नड बोलणारा पाहुणा आणि मराठी बोलणारा यजमान यांच्यामध्ये जसा दुभाषी बसतो, तसा हा दुभाषी खेळाची मागणी ऐकतो आणि लिनक्सला समजेल अशा भाषेत सांगतो. 'वाइन' नावाचा असा दुभाषी १९९३ पासून तयार होत आला आहे. खेळ विकणाऱ्या व्हॉल्व्ह या कंपनीने २०१८ साली त्यावरून 'प्रोटॉन' नावाचा खास खेळांसाठीचा दुभाषी काढला, तेव्हापासून काम पुष्कळ सोपे झाले.

तरी पहिल्या रात्री पडदा नुसता काळा. दुसऱ्या रात्री आवाज आला, पण चित्र नाही. यंत्रातला चित्रे रंगविणारा जो भाग असतो, त्याला कारभाऱ्याशी जोडून देणारा छोटा आज्ञासंच लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो जुना होता. यंत्र काय म्हणत होते ते पडद्यावर लिहून येत होते, पण मी ते वाचत नव्हतो. मुलगा म्हणाला, "बाबा, त्यानं सांगितलंय की काय पाहिजे ते. तुम्ही वाचाच की." तो शब्द न् शब्द वाचू लागला, आणि तिसऱ्या रात्री खेळ चालला. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की प्रश्न नीट वाचा, अर्धे उत्तर प्रश्नातच असते. ते मला माझ्या मुलाने शिकविले.

खोटे कशाला सांगू, सगळेच खेळ चालत नाहीत. जे खेळ पुष्कळ जण एकाच वेळी इंटरनेटवरून खेळतात, त्यांपैकी काहींत लबाडी पकडणारा एक पहारेकरी बसविलेला असतो, आणि तो पहारेकरी लिनक्सला दारातूनच परत पाठवितो. मुलाच्या मित्रांचा सर्वांत आवडता खेळ आमच्याकडे आजही चालत नाही. काही दिवस तो माझ्यावर रुसला होता, आणि त्याचा रुसवा अगदी वावगा होता असे मला वाटत नाही. हा बदल करणाऱ्याने घरच्यांना हे आधीच सांगावे.

शाळेपुरते बोलायचे तर ही अडचण येत नाही. लहान मुलांसाठी 'जीकॉम्प्री' नावाचा खेळांचा संच मोफत मिळतो. फ्रान्समध्ये २००० साली तो सुरू झाला. फ्रेंच भाषेत या नावाचा ध्वनी 'मला समजले' या शब्दांसारखा आहे. त्यात मोजणे आहे, अक्षरे आहेत, घड्याळ पाहणे आहे, बुद्धिबळ आहे. जुन्या यंत्रावर तो खुशाल चालतो.

खेळांवरून पुढचा नाद लागला तो घरच्या सर्व्हरचा. सर्व्हर या शब्दाने बिचकू नका. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीत जसा प्रत्येकाने मागितले की वाढपी आणून वाढतो, तसा हा संगणक घरातल्या प्रत्येक फोनला आणि संगणकाला मागेल ती वस्तू देतो. कोणाला फोटो, कोणाला गाणे, कोणाला प्रश्नपत्रिका. आज आपण हे सारे कोण्या कंपनीच्या दूरच्या कोठारात ठेवतो आणि इंटरनेटवरून मागवतो. रेंज गेली की पंगत उपाशी. घरचा वाढपी घरच्याच वाय-फायवर चालतो, त्याला बाहेरच्या इंटरनेटची गरज नसते.

आपल्यासारख्या भागात याचा मोठा उपयोग आहे. 'किविक्स' नावाच्या साधनाने विकिपीडिया हा ज्ञानकोश एकदाच उतरवून अशा संगणकावर ठेवता येतो. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तो सबंध शाळेतल्या एका जुन्या संगणकात मावतो, आणि मग इंटरनेट असो वा नसो, वर्गातली मुले तो वाचू शकतात. शाळेतले संगणक एकमेकांशी जोडून बाहेरच्या तारेवाचून काम करणे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप देण्यात आले होते. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक उपक्रमातले ते लॅपटॉप लिनक्सवरच चालत, आणि इंटरनेट नसले तरी बिनतारी एकमेकांशी बोलू शकत.

खर्चाचा हिशेबही मांडतो. माझा जुना संगणक काम नसताना सुमारे चाळीस वॅट वीज खातो. चोवीस तासांचे झाले नऊशे साठ, म्हणजे रोज जवळजवळ एक युनिट आणि महिन्याला एकोणतीस. हे काही थोडे नव्हे. 'रास्पबेरी पाय' नावाचा तळहातावर मावणारा संगणक इंग्लंडमध्ये २०१२ साली निघाला. साध्या कामाला तो पाचेक वॅट घेतो, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार युनिट. शाळेने तर रात्री बंदच करावे. वाढपी पंगतीच्या वेळी हजर असला म्हणजे झाले.

आता माझ्या फजितीची गोष्ट. ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही.

माझी आई तेरणाकाठच्या एका खेड्यातली. तिला जात्यावरच्या ओव्या येत. म्हातारपणी ती माझ्याकडे राहावयास आली, तेव्हा मी फोनवर तिचा आवाज टिपून घेऊ लागलो. ती कधी दोन ओव्या म्हणे, कधी दहा, मध्येच थांबून गावातल्या कोणाची तरी आठवण सांगे. अशी एकतीस ध्वनिमुद्रणे झाली. २०२१ साली आई गेली. मी ती ध्वनिमुद्रणे घरच्या सर्व्हरवर ठेवली होती, आणि मोठ्या हुशारीने दोन डिस्कांवर दोन प्रती केल्या होत्या. एक बिघडली तर दुसरी आहे, अशा विश्वासाने फोनवरच्या प्रती पुसून टाकल्या.

२०२२ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. विजा कडाडू लागल्या. दिवे गेले, आले, पुन्हा गेले. मी ओट्यावर बसून मातीचा वास घेत होतो. आत जाऊन संगणकाचा प्लग काढावा, हे काही सुचले नाही. रात्री वीज आली तेव्हा यंत्र मेले होते आणि त्यातल्या दोन्ही डिस्काही मेल्या होत्या. तालुक्याला दाखविले, पुण्याला पाठविले. काही निघाले नाही.

मी दोन प्रती ठेवल्या होत्या, पण एकाच पेटीत ठेवल्या होत्या. आपला शेतकरी अशी चूक करीत नाही. पुढच्या पेरणीचे बी तो एकाच कणगीत ठेवीत नाही. थोडे माडीवर ठेवतो, थोडे भावाकडे देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा सास्तूर भागातल्या माणसांनी पाहिले की घर गेले म्हणजे घरातली पेटी आणि पेटीतले कागद हेही बरोबरच जातात. मी इतिहासाचा शिक्षक, जुनी कागदपत्रे कशी नष्ट होतात हे वर्गात सांगणारा, आणि मला हे कळू नये!

नऊ ध्वनिमुद्रणे वाचली. मी ती कधीतरी बार्शीच्या बहिणीला फोनवर पाठविली होती आणि तिने ती पुसली नव्हती. बावीस गेली ती गेली.

म्हणून जाणते लोक तीन-दोन-एकचा नियम सांगतात. प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि निदान एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. कंपनीच्या कोठारातून आपली वस्तू घरी आणली म्हणजे मालकी आपली होते, पण राखणही आपलीच होते.

आता माझ्या त्या शिक्षक मित्रांना मी जे सांगितले, ते शिक्षक श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, शाळेचे यंत्र ही शाळेची मालमत्ता आहे. मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्या, आणि यंत्रात जे जुने कागद असतील त्यांची प्रत आधी बाहेर काढा.

दुसरी गोष्ट, एकदम जुने पुसून नवे बसवू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने मडकी पारखली, ही कथा आपण जाणता. तसे आधी थापटून पाहा. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. पडदा, आवाज, वाय-फाय, प्रिंटर हे सारे ठीक चालते का ते तासभर पाहा. पसंत पडले नाही तर पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करा. जुने जसे होते तसेच राहते.

तिसरी गोष्ट, जुन्या यंत्राला हलकी आवृत्ती निवडा. चार जीबी स्मृती असेल तर 'लिनक्स मिंट' किंवा 'झुबंटू' चालेल, त्याहून कमी असेल तर 'लुबंटू' पाहा. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसविली तर म्हातारे यंत्र तरण्यासारखे पळते. खर्च करावयाचाच तर पहिला रुपया तेथे घालावा.

चौथी गोष्ट, अडचणी आधीच जाणून घ्या. काही कार्यालयीन आज्ञासंच केवळ विंडोजवर चालतात, म्हणून कार्यालयातले एक यंत्र त्यासाठी वेगळे ठेवावे. जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी लिनक्सवर उघडल्यास अक्षरांचा गोंधळ दिसतो. यापुढचे सारे टंकलेखन युनिकोडमध्येच करा, म्हणजे तो मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येईल.

पाचवी गोष्ट, सर्व्हर केला तर तो शाळेच्या भिंतीच्या आतच राहू द्या. बाहेरच्या इंटरनेटवरून त्यात येण्याचा रस्ता, पुरती माहिती झाल्याशिवाय उघडू नका. गावाला वेस होती ती शोभेसाठी नव्हती. पासवर्ड लांब ठेवा आणि तो फळ्यावर लिहू नका. मी तसे पाहिले आहे, म्हणून सांगतो.

आणि सहावी गोष्ट, अर्थिंग तपासून घ्या, आणि आभाळ गडगडू लागले की आधी प्लग काढा. मातीचा वास नंतर घेतला तरी चालतो.

त्या शाळेचे काय झाले, हे आपल्याला ऐकावेसे वाटत असेल. दिवाळीनंतर दोन रविवार मी तेथे गेलो. नऊपैकी सहा संगणक चालू झाले. उरलेल्या तिघांचे सुटे भाग त्या सहांच्या कामी आले. पाचवी-सहावीची मुले स्क्रू काढायला आमच्यापुढे. एका मुलीने विचारले, "सर, ह्याच्या आत एवढी धूळ कशी गेली?" मी म्हणालो, "बाई, अकरा वर्षांत याला कोणी उघडूनच पाहिलं नाही." सहांपैकी एक संगणक आता त्या शाळेचा वाढपी आहे. त्यात मराठी विकिपीडिया आहे आणि मुलांची चित्रे आहेत. अलीकडे माझ्या मित्रांनी मुलांना एक काम दिले आहे. आजीला विचारून, तिची परवानगी घेऊन, तिच्या ओव्या फोनवर टिपून आणायच्या. आतापर्यंत सतरा आज्यांचे आवाज जमा झाले आहेत.

त्यांची एक प्रत शाळेत असते, एक माझ्या मित्रांच्या घरी पेनड्राइव्हवर, आणि एक कळंबला माझ्याकडे. माझ्या आईच्या नऊ ध्वनिमुद्रणांची एक प्रत मी त्यांच्याकडे ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही एकमेकांना फोन करतो आणि विचारतो, "उघडून पाहिलंत का? ऐकू येतं ना?"

आपल्या घरात किंवा शाळेत असा कापड टाकलेला संगणक असेल तर त्याचा भाव भंगारवाल्याला विचारण्याआधी एकदा त्याच्यावरचे कापड काढा, आणि थापटून पाहा.